शिवणाच्या सुईचं होकायंत्र : घासण्यापासून खात्री करण्यापर्यंत

सुईवरून लोहचुंबक चाळीस-पन्नास वेळा फिरवायला फार तर दोन मिनिटं लागतात. तरीही बहुतेक जण सगळा जीव त्या घासण्यातच ओततात. मग सुई पाण्यावर सोडतात आणि ती भलतीकडे तोंड करून बसली की चुंबकाला दोष देऊन मोकळे होतात. माझा अनुभव असा की सुई बहुतेक वेळा चुंबक झालेली असते. तिला वळायला मोकळीक मात्र मिळालेली नसते.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) असतं. फ्रिजला चिकटणाऱ्या साध्या चुंबकाजवळ ते याच्या शंभरपट सहज भरतं. एवढ्या नाजूक ओढीने सुई वळायची, तर जराशी घासण, दोऱ्याचा थोडासा पीळ किंवा वाडग्याच्या काठाची ओढही तिला अडवू शकते. म्हणून या लेखात घासण्यापेक्षा सुई तरंगवणं, टांगणं आणि ती खरं सांगते की नाही हे पडताळणं यांवर जास्त लिहिलं आहे.

सुई कोणती घ्यायची

शिवणाची साधी पोलादी सुई, चारपाच सेंटिमीटर लांबीची. लांब आणि बारीक सुई चांगली, कारण आखूड-जाड तुकड्यात दोन्ही ध्रुव जवळजवळ येतात आणि एकमेकांचा जोर कमी करतात. निवडण्याआधी सुई चुंबकाला लावून बघा. चटकन चिकटली तर चालेल. काही टाचण्या पितळेच्या असतात आणि स्टेनलेस स्टीलच्या काही जाती चुंबकाला अजिबात दाद देत नाहीत. त्या कितीही घासल्या तरी उपयोग नाही.

कागद अडकवायची क्लिप किंवा बारीक खिळा वापरायचा मोह होतो. दोन्ही चुंबकाला छान चिकटतात, पण ते लोखंड मऊ असतं. ते चुंबकत्व पटकन घेतं आणि तितक्याच पटकन सोडून देतं. शिवणाची सुई कठीण पोलादाची असते, तिच्यात कार्बन जास्त असतो. लोखंडाच्या आत अतिसूक्ष्म प्रदेश असतात, त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेन स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. एरवी त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात, त्यामुळे सगळी मिळून बेरीज जवळपास शून्य होते. बाहेरून चुंबक फिरवला की त्यातले बरेचसे एका बाजूला तोंड करतात. मऊ लोखंडात ते पुन्हा विस्कटतात. कठीण पोलादात तिथेच अडकून राहतात. ते असे अडकून राहतात म्हणूनच सुई चुंबक बनून राहते.

चुंबकाचे ध्रुव ओळखा

पट्टीचुंबक असेल तर काहीच अडचण नाही, दोन टोकं म्हणजे दोन ध्रुव. चकतीसारख्या चुंबकाचे ध्रुव बहुधा दोन सपाट बाजूंवर असतात, कडेवर नसतात. त्यामुळे चकती आडवी धरून कडेने घासू नका. तिची एक सपाट बाजू सुईला टेकवायची आणि शेवटपर्यंत तीच बाजू ठेवायची.

फ्रिजवर लावायचे पातळ, रबरासारखे वाकणारे चुंबक मात्र या कामाला घेऊ नका. त्यांच्या मागच्या बाजूवर उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे अरुंद पट्टे शेजारीशेजारी असतात. असे दोन चुंबक पाठीला पाठ लावून एकमेकांवरून सरकवून बघा. एका दिशेने सरकवताना हाताला बारीक बारीक अडथळे जाणवतात, जणू कंगव्याच्या दातांवरून नख फिरतंय. तेच ते पट्टे. सुई त्यावरून ओढली की तिला दर दोन-तीन मिलिमीटरला उलटसुलट ध्रुव भेटतात आणि शेवटी हाताशी फारसं काही लागत नाही.

जुन्या स्पीकरमधला कड्याच्या आकाराचा चुंबक चालतो. निओडिमियम या धातूपासून बनवलेला छोटा, फार जोरदार चुंबक तर उत्तमच. दहा-बारा फेऱ्यांत काम होतं. पण तो लहान मुलांच्या हाती एकटं असताना देऊ नका. असे दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते. हृदयासाठी पेसमेकर बसवलेल्या माणसांनीही हे चुंबक छातीपासून लांब ठेवावेत.

घासायची पद्धत

सुई लाकडी टेबलावर ठेवा. नेढ्याजवळ बोटाने दाबून धरा, म्हणजे ती चुंबकाबरोबर उचलली जाणार नाही. चुंबकाचा एक ध्रुव नेढ्यापाशी टेकवा आणि हलका दाब देत टोकापर्यंत सरळ न्या. टोकाशी पोचल्यावर चुंबक उचला, हवेतून मोठा अर्धगोल घेत हातभर लांबून परत आणा आणि पुन्हा नेढ्यापासून सुरू करा. परत येताना चुंबक सुईच्या जवळून न्यायचा नाही. जवळून नेला तर आधीच्या फेरीने बसवलेले डोमेन पुन्हा हलतात.

साधा चुंबक असेल तर चाळीस-पन्नास फेऱ्या करा. दर दहा फेऱ्यांनी सुई थोडी गोल फिरवा, म्हणजे सगळ्या बाजूंना स्पर्श मिळेल. पहिल्या काही फेऱ्यांतच बरंच काम होतं, नंतर वाढ हळूहळू मंदावते. दोनशे फेऱ्या करून चौपट फळ मिळत नाही.

टोक उत्तरेकडे वळायला हवं असेल तर चुंबकाचा दक्षिण ध्रुव वापरा. ज्या टोकापाशी चुंबक सुई सोडतो, तिथे त्याच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो. दक्षिण ध्रुव नेढ्याकडून टोकाकडे नेला तर टोक उत्तर ध्रुव होतं. चुंबकावर खूण नसेल तर कुठल्याही ध्रुवाने घासा आणि कुठलं टोक उत्तरेला जातं ते शेवटी बघा, काहीच बिघडत नाही.

दोन चुंबक असतील तर एक जास्त चांगली रीत आहे. दोन्ही चुंबकांचे विरुद्ध ध्रुव सुईच्या मध्यावर टेकवा आणि एकाच वेळी दोन टोकांकडे बाहेर ओढा, उचला, पुन्हा मध्यावर आणा. सुईच्या दोन्ही अर्ध्या भागांना सारखा न्याय मिळतो. वीसेक वेळा पुरे.

एक चूक जोरदार चुंबक वापरणाऱ्यांकडून हमखास होते. घासून झालेल्या सुईच्या मध्यावर चुंबक चिकटतो आणि तो तसाच ओढून काढला जातो. मग मध्ये एक ध्रुव आणि दोन्ही टोकांना त्याच्या विरुद्ध, म्हणजे एकसारखे, ध्रुव तयार होऊ शकतात. अशी सुई टाचण्या उचलते, दिशा मात्र धड दाखवत नाही. असं झालंय असं वाटलं तर सुरुवातीपासून पुन्हा नीट घासा. चांगला चुंबक आधीचं सगळं पुसून टाकतो.

सुई केसांवर किंवा रेशमी कापडावर घासली तरी होकायंत्र होतं, असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. त्या घासण्याने स्थिर विद्युत तयार होते. तिच्यामुळे कागदाचे कपटे सुईकडे ओढले जातील, पण ते चुंबकत्व नव्हे. त्यावर भरवसा ठेवून वाटेला लागू नका.

चुंबक नसेल तर सेल आणि तार

प्लास्टिकच्या स्ट्रॉचा सुईपेक्षा जरा लांब तुकडा कापा. त्यावर आवरण असलेली तांब्याची बारीक तार एकाच दिशेने, वेढ्याला वेढा लावून, ऐंशी ते शंभर वेढे होतील इतकी गुंडाळा. आवरण नसलेली तार चालणार नाही, वेढे एकमेकांना टेकले की वीज आडवाटेने निघून जाते. तारेच्या दोन्ही टोकांवरचं आवरण तासून काढा. सुई स्ट्रॉमध्ये सरकवा आणि तारेची टोकं दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलला दोन सेकंद लावा, काढा. असं पाच-सहा वेळा करा. तार आणि सेल तापतात, म्हणून दोन सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही आणि मध्ये थोडं थांबायचं. मोबाइलची किंवा दुसरी कुठलीही लिथियम बॅटरी याला वापरू नका, आणि भिंतीतल्या विजेचा तर विचारही नको.

उजव्या हाताची बोटं वेढ्यांतून वीज ज्या दिशेने जाते तशी वळवली की अंगठा सुईच्या उत्तर ध्रुवाकडे असतो. सेलच्या धन टोकाकडून वीज निघते असं धरायचं.

सुई चुंबक झाली का?

दुसरी टाचणी उचलली गेली की झालं, असं समजू नका. टाचणी नुसत्या लोखंडाची असली तरी ओढली जाते, त्यावरून सुईचे ध्रुव नीट बसलेत की नाही ते कळत नाही. खरी परीक्षा दूर ढकलण्याची. दोन सुया एकाच पद्धतीने, एकाच ध्रुवाने घासा. एक दोऱ्याला टांगा आणि दुसरीचं टोक हळूच तिच्या टोकाजवळ न्या. टांगलेली सुई मागे सरली, तर दोन्ही चुंबक आहेत हे नक्की, कारण साधं लोखंड चुंबकाला कधी दूर ढकलत नाही. नेढ्याजवळ टोक नेलं तर ती ओढली जायला हवी.

पाण्यावरची सुई

काचेचा, चिनी मातीचा किंवा प्लास्टिकचा पसरट वाडगा घ्या. स्टीलचा नको, काही स्टीलची भांडी चुंबकाला ओढली जातात. बुचाची चार-पाच मिलिमीटर जाडीची, रुपयाएवढी चकती कापा. बूच नसेल तर थर्माकोलचा पातळ तुकडा किंवा झाडाचं वाळकं, सपाट पानही चालतं. सुई चकतीवर आडवी, मधोमध ठेवा आणि मेणाच्या ठिपक्याने चिकटवा. सुई चकतीतून आरपार खुपसली तरी चालते; फक्त ती पाण्याला समांतर राहायला हवी.

आता खरी कसोटी. वाडग्यात अर्ध्यापर्यंत पाणी घालून चकती सोडली की ती थोड्याच वेळात सरकत सरकत काठाला जाऊन चिकटते आणि मग हलत नाही. पृष्ठीय ताणामुळे पाणी काठापाशी किंचित वर चढलेलं असतं आणि तरंगणारी हलकी वस्तू त्या चढाकडे ओढली जाते. यावर उपाय सोपा आहे. वाडगा काठोकाठ भरा, मग चमच्याने थेंब थेंब आणखी पाणी घाला, इतकं की पाणी काठाच्या वर फुगून दिसेल पण सांडणार नाही. आता सर्वांत उंच जागा मध्यभागी आहे. चकती आपणहून मध्ये येते आणि तिथेच थांबते. मला ही युक्ती कळेपर्यंत मी चकती बोटाने मध्ये ढकलत बसायचो. कळल्यावर एकाच फुंकरीत काम व्हायला लागलं.

चकती मध्ये स्थिर झाली की बघत राहा. आधी ती अगदी आळसावल्यासारखी वळू लागते, मग वेग घेते, उत्तर ओलांडून थोडी पुढे जाते, परत येते, दोन-तीन वेळा अशी डोलते आणि थांबते. मग काडीने तिला पूर्ण उलटी फिरवा. ती पुन्हा त्याच रेषेत यायला हवी. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूने फिरवा. तिन्ही वेळा एकाच जागी थांबली तरच सुई खरं सांगते आहे. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर चुंबकत्व कमी आहे किंवा चकती कुठेतरी अडते आहे. पंखा बंद करा, खिडकी लावा, श्वाससुद्धा बाजूला सोडा.

तिन्ही वेळा एकाच रेषेत थांबूनही सुई चुकीची असू शकते, हे मी एकदा नीट अनुभवलं. सुई हट्टाने भिंतीकडे वळायची, दहादा फिरवली तरी तिकडेच. वाडगा लाकडी टेबलावर होता, म्हणून शंका आली नाही. शेवटी वाडगा उचलून खोलीच्या मध्ये जमिनीवर ठेवला, तर सुई जवळजवळ पाव वर्तुळ फिरली. टेबलाच्या फळीखाली लोखंडी चौकट होती. तेव्हापासून मी प्रत्येक सुई तीन वेगवेगळ्या जागी, एकमेकींपासून निदान दोन-तीन मीटर अंतरावर ठेवून बघतो. तिन्ही जागी तीच दिशा आली तरच मान्य. मोबाइल, स्पीकर, कात्री, चाव्या, घड्याळ आणि ज्या चुंबकाने सुई घासली तो, हे सगळं लांब ठेवा. तो चुंबक खिशात राहून जातो, हे तर फार वेळा घडतं.

चकतीशिवाय नुसती सुईही तरंगते. टीपकागदाचा तुकडा पाण्यावर ठेवा, त्यावर सुई, मग ओला कागद काडीने हळूच खाली दाबा. वाडग्यात साबणाचा अंश नको, नाहीतर सुई तळाशी जाईल. सुईला आधी किंचित तेलाचा हात लावला तर सोपं जातं. हे बघायला फार सुंदर दिसतं, पाणी सुईखाली पातळ पडद्यासारखं दबलेलं दिसतं. पण प्रवासात नेण्याजोगं हे नव्हे.

दोऱ्याला टांगलेली सुई

चिनी विद्वान शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास चुंबकाच्या दगडावर घासलेली सुई वापरायच्या चार रीती लिहून ठेवल्या: पाण्यावर तरंगवणं, नखावर ठेवणं, वाटीच्या काठावर तोलणं आणि टांगणं. पाण्यावरची सुई डगमगते, नखावरून आणि काठावरून ती घसरते, म्हणून टांगणं त्याला सर्वांत पसंत होतं. नव्या रेशमाचा एकच धागा घ्यायचा, मोहरीएवढ्या मेणाने सुईच्या मध्यावर चिकटवायचा आणि वारा नसलेल्या जागी टांगायचा. ती सुई दक्षिण दाखवते, पण नेमकी नाही, किंचित पूर्वेला कलते, हेही त्याने टिपलं. सव्वानऊशे वर्षांनंतरही या रीतीत बदलण्यासारखं फारसं काही नाही.

अडचण फक्त दोऱ्याची. शिवणाचा दोरा पिळाचा असतो. तो उलगडू पाहतो आणि सुईला गोल गोल फिरवतो. रेशमाचा किंवा नायलॉनचा एकच सुटा तंतू घ्या. तेही नसेल तर दोऱ्याला आधी सुईऐवजी एखादं लाकडी बटण बांधा, तासभर लटकत ठेवा, पीळ निघून जाऊ द्या आणि मग बटण काढून सुई लावा. उंच काचेच्या बरणीच्या तोंडावर पेन्सिल आडवी ठेवून तिला दोरा बांधला की वाऱ्याचा त्रास उरत नाही.

घासण्याआधी नीट तोललेली सुई घासल्यावर एका बाजूला झुकलेली दिसेल. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचं टोक खाली जातं, कारण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा तिथे जमिनीला समांतर नसतात, तिरक्या आत शिरतात. ध्रुवाकडे जाल तसा हा कल वाढतो. मेणाचा ठिपका थोडा सरकवून तोल पुन्हा साधा.

टांगलेल्या सुईचा आणखी एक फायदा आहे. तिच्या डोलण्यावरून चुंबकत्व किती बसलं ते कळतं. तिला थोडं वळवून सोडा आणि दहा झोके मोजा. नीट घासलेल्या सुईचा जाऊन-येऊन एक झोका दोन ते चार सेकंदांत होतो. दहा सेकंद लागत असतील तर आणखी घासा. इथे हिशेब असा: वेळ निम्म्यावर आली म्हणजे चुंबकत्व चौपट झालं. चुंबक किंवा पद्धत बदलून बघायची असेल तर याहून चांगलं मोजमाप घरी सापडणार नाही.

कुठलं टोक उत्तरेचं?

सुई रेषा दाखवते. त्या रेषेचं कुठलं टोक उत्तर, हे पहिल्यांदा आपल्यालाच ठरवावं लागतं. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला उत्तर. एवढ्याने टोक नक्की होतं. रेषाही तपासायची असेल तर सपाट जमिनीत काठी उभी रोवा आणि तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी सावली जिथे सरकली तिथे दुसरा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. दोघांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात उत्तर-दक्षिण येते. हे दुपारच्या आसपास केलं तर जास्त अचूक. रात्री उत्तर गोलार्धात ध्रुवतारा आहेच. उत्तरेचं टोक ठरलं की त्यावर लाल नखरंगाचा ठिपका द्या.

सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक असतो. इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० मध्ये पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असं मांडलं, पण त्या चुंबकाचे ध्रुव भौगोलिक ध्रुवांवर नाहीत आणि एका जागी थांबतही नाहीत. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस १८३१ मध्ये उत्तरेकडच्या चुंबकीय ध्रुवावर पोचला, तेव्हा तो ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात होता. तेव्हापासून तो आर्क्टिक महासागरातून सैबेरियाच्या दिशेने खूप सरकला आहे. या फरकाला दिक्पात म्हणतात. कुठे तो एखाद्या अंशाचा असतो, कुठे वीस अंशांहून जास्त. चांगल्या नकाशावर आपल्या भागाचा दिक्पात आणि तो कुठल्या वर्षीचा हे छापलेलं असतं. सावलीच्या रेषेशी सुई दोन-चार अंशांत जुळली तर घरच्या होकायंत्रासाठी ते उत्तम समजा. दहा-पंधरा अंशांचा फरक आला तर आधी दिक्पात बघा, मग आसपासचं लोखंड, आणि त्यानंतरच सुई पुन्हा घासायला घ्या.

सुई ठेवायची कशी

फरशीवर दोन-चारदा पडली की चुंबकत्व उतरू लागतं. मेणबत्तीवर धरून लाल केली तर ते जवळपास सगळंच जातं; लोखंड ७७० अंश सेल्सियसला चुंबकत्व पूर्ण सोडतं, पण त्याच्या बरंच आधी ते उतरणीला लागतं. दोन सुया केल्या असतील तर एकीचं टोक दुसरीच्या नेढ्याशी येईल अशा शेजारी ठेवून कागदात गुंडाळा, विरुद्ध ध्रुव जवळ राहिले की दोघींचं चुंबकत्व टिकतं. पाण्यात वापरलेली सुई आधी कोरडी पुसून तेलाचं बोट लावा. प्रवासाला नेताना त्याच पुडीत बुचाची चकती आणि चुंबक ठेवायचा मोह होईल. चकती ठेवा. चुंबक दुसऱ्या खिशात, आणि निघण्याआधी सुई एकदा पाण्यावर सोडून लाल ठिपका कुठे जातो ते बघून घ्या.